ध्रुवावरच्या बर्फाबद्दल बोलताय? या चुका टाळा

सातवीच्या वर्गात पडद्यावर चित्रं दाखवत होतो. बोलण्याच्या ओघात म्हणालो, "उत्तर ध्रुवावरचा समुद्री बर्फ वितळला की समुद्राची पातळी वाढते आणि मुंबईला धोका होतो." दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "सर, सरबताच्या ग्लासात बर्फ विरघळतो तेव्हा सरबत सांडत नाही. मग समुद्र कसा वाढेल?"

तिचं बरोबर होतं, माझं चुकलं होतं. तिथेच मान्य केलं. पण त्या वर्गातली आधीची वीस मिनिटं हातची गेली, कारण एक गोष्ट चुकीची निघाली की मुलं बाकीच्या नऊ गोष्टींवरही विश्वास ठेवत नाहीत. मोठी माणसं तर नाहीच नाही. तेव्हापासून शाळा, महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ असं जिथे जाईन तिथे या विषयावर बोलताना काय घसरतं ते टिपून ठेवत आलोय. विज्ञान दिनाला भाषण करणाऱ्या शिक्षकांना, पोस्टर बनवणाऱ्या मुलांना आणि सोसायटीच्या ग्रुपवर मनापासून काही लिहिणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

सगळा बर्फ एकाच मापानं मोजू नका

आपण हिमनग, हिमनदी, हिमखंड हे शब्द सरसकट वापरतो आणि सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. समुद्री बर्फ म्हणजे समुद्राचंच पाणी गोठून वर आलेला थर. खारं पाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं आणि गोठताना बरंचसं मीठ बाहेर टाकतं. हा थर आधीच तरंगत असतो, त्यामुळे तो वितळला तरी पातळीत जवळजवळ फरक पडत नाही. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ वेगळा. तो हजारो वर्षांच्या हिमवर्षावातून साठलाय आणि तो समुद्रात उतरला की पातळी वाढते. हिमनग म्हणजे त्या जमिनीवरच्या बर्फाचा तुटून समुद्रात आलेला तुकडा.

हे भाषणात सांगून कळत नाही, दाखवावं लागतं. काचेचे दोन ग्लास घ्या. एकात पाणी ओतून त्यात बर्फाचे चार खडे तरंगत सोडा. दुसऱ्यात पाण्याबाहेर डोकं काढेल असा दगड ठेवा आणि तेवढेच खडे त्या दगडावर रचा. दोन्ही ग्लासांवर स्केचपेननं पाण्याची रेघ मारा आणि आपलं बोलणं सुरू करा. अर्ध्या तासानं मुलं स्वतःच सांगतात की दगडाच्या ग्लासातलं पाणी रेघेच्या वर गेलंय. वेळ असेल तर आदल्या रात्री लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ घालून पसरट डब्यात फ्रीजरमध्ये ठेवा आणि अर्धवट गोठल्यावर बाहेर काढा. वरचा बर्फ धुऊन चाखला तर कमी खारट लागतो आणि खाली उरलेलं पाणी जिभेला झोंबतं. ध्रुवावर दर हिवाळ्यात हेच घडतं.

मग लगेच प्रश्न येतो, "पातळी वाढत नाही तर काळजी कसली?" त्याची दोन उत्तरं आहेत. बर्फावर पडलेला ताजा हिम सूर्याचा ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत पाठवतो, तर उघडा पडलेला काळा समुद्र त्यातला बहुतेक गिळून तापतो. १९७९ पासून आर्क्टिक बाकी जगाच्या जवळपास चौपट वेगानं तापलंय, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे. दुसरं उत्तर म्हणजे त्या बर्फावर आणि बर्फाखाली राहणारे जीव. त्यांच्याकडे पुढे येतो.

अस्वल आणि पेंग्विन एका चित्रात नकोत

दर स्पर्धेत एक तरी पोस्टर असं येतं, ज्यात एकाच तुकड्यावर पांढरं अस्वल आणि पेंग्विन गळ्यात गळा घालून रडताहेत. अस्वलं उत्तरेला, पेंग्विन दक्षिणेला. रानात त्यांची गाठ पडत नाही. लक्षात ठेवायला सोपी खूण आहे. आर्क्टिक हे नाव अस्वलासाठीच्या ग्रीक शब्दावरून आलं आणि ते अस्वल आकाशातलं, म्हणजे आपले सप्तर्षी ज्यात येतात ते नक्षत्र. अंटार्क्टिक म्हणजे त्याच्या समोरचं, उलट टोकाचं. उत्तरेला मधोमध समुद्र आणि भोवती जमीन, तर दक्षिणेला मधोमध जमीन आणि भोवती समुद्र. एवढं फळ्यावर काढलं की पुढचं निम्मं काम होतं.

याचंच मुंबईतलं रूप म्हणजे राणीबागेतले पेंग्विन. "यांचं घर वितळतंय" असं सांगणारे पालक मी काचेसमोर उभे पाहिलेत. ते हम्बोल्ट पेंग्विन आहेत, २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले. त्यांचं मूळ घर पेरू आणि चिलीचा कोरडा, वाळवंटी किनारा. बर्फाशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्यावरही संकट आहे, पण ते एल निनो आणि कमी होणाऱ्या माशांचं. मुलाला खरी गोष्ट सांगितली तर त्याचं कुतूहल वाढतं, हा माझा अनुभव आहे.

एका मरतुकड्या अस्वलावर सगळा भार टाकू नका

२०१७ च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या सॉमरसेट बेटावर हाडं वर आलेल्या एका अस्वलाचं चित्रीकरण झालं आणि डिसेंबरमध्ये ते जगभर पसरलं. आपल्याही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं. 'हवामान बदल असा दिसतो' या अर्थाची ओळ नॅशनल जिओग्राफिक मासिकानं त्याला जोडली होती. पुढच्याच वर्षी त्या मासिकानं कबूल केलं की आपण फार पुढे गेलो. ते अस्वल म्हातारं होतं, आजारी होतं की जखमी होतं, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. ज्यांना हवामान बदल मान्यच नाही त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं.

त्याऐवजी कॅनडातल्याच हडसन उपसागराच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अस्वलांची गोष्ट सांगा. तिथे अस्वलं अनेक दशकं मोजली जाताहेत. १९८७ मध्ये अंदाज ११८५ अस्वलांचा होता, २०१६ मध्ये ८४२ आणि २०२१ मध्ये ६१८. तिथला बर्फ १९८० च्या दशकाच्या मानानं लवकर फुटतो आणि उशिरा धरतो, म्हणून अस्वलांना किनाऱ्यावर तीन-चार आठवडे जास्त काढावे लागतात. किनाऱ्यावर त्यांना सील मिळत नाही. उपास लांबला की आधी माद्यांचं आणि पिल्लांचं हाल होतात. एका फोटोपेक्षा हे तीन आकडे फळ्यावर लिहिल्यावर वर्ग जास्त शांत होतो.

अस्वलापाशी थांबू नका, बर्फाखाली पाहा

बहुतेक भाषणं इथेच अपुरी राहतात. बर्फ म्हणजे अस्वलाला उभं राहायला लागणारी फरशी, एवढंच लोकांना कळतं. पण समुद्री बर्फाचा तुकडा उलटा केला तर खालची बाजू तपकिरी दिसते. ते शैवाल असतं. बर्फाच्या पोटात खाऱ्या पाण्याच्या केसाएवढ्या बारीक नळ्या असतात, त्यांत आणि बर्फाच्या तळाला ते वाढतं. वसंतात उजेड आला की फोफावतं. मी मुलांना सांगतो, हे उलटं शेत आहे, पीक खालच्या बाजूला लोंबतं. त्या शेतावर बारीक कवचधारी जीव चरतात, त्यांना ध्रुवीय कॉड मासा खातो, त्याला सील आणि सीलला अस्वल. शेत गेलं की वरच्या सगळ्यांचं पान उपाशी.

रिंग्ड सील जातीची मादी बर्फावरच्या हिमाच्या ढिगात गुहा कोरते आणि तिथे पिल्लाला जन्म देते. बाहेर अस्वल आणि कोल्हे, आत पांढऱ्या लोकरीतलं पिल्लू, खाली पाण्यात उतरायचं भोक. हिम पुरेसा साचला नाही किंवा हिमाऐवजी अवेळी पाऊस पडला की गुहेचं छप्पर खचतं. पावसानं घर पडणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

दक्षिणेला सम्राट पेंग्विन मे-जूनमध्ये, ऐन हिवाळ्यात, समुद्री बर्फावर अंडं देतात. नर दोन महिन्यांहून अधिक काळ ते पायांवर सांभाळतो. पिल्लाला पाणी न शिरणारी पिसं येतात ती डिसेंबर-जानेवारीत. तोवर पायाखालचा बर्फ टिकलाच पाहिजे. २०२२ साली बेलिंग्सहाउझेन समुद्रातल्या पाचपैकी चार वसाहतींत तो त्याआधीच फुटला. शास्त्रज्ञांना हे उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसलं. पांढऱ्या बर्फावर पेंग्विनांच्या विष्ठेचा तपकिरी डाग असतो, त्यावरून वसाहत ओळखतात. पिल्लांचं पोहायचं वय होण्याआधीच बर्फ फुटला आणि ते डाग नाहीसे झाले. त्या चार ठिकाणी बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही. हे सांगताना माझा आवाज अजूनही बसतो, आणि तो लपवायचं मी सोडून दिलंय.

लांब सुळ्यांच्या वॉलरसचं दुखणं वेगळं. माद्या उथळ समुद्राच्या तळाशी शिंपले खातात आणि मध्ये दम घ्यायला पिल्लांसह बर्फावर चढतात. बर्फ मागे सरकून खोल पाण्यावर गेला की त्यांना किनारा गाठावा लागतो. सप्टेंबर २०१४ मध्ये अलास्कातल्या पॉइंट ले गावाजवळ सुमारे ३५ हजार वॉलरस एकाच किनाऱ्यावर दाटले होते. एखादं विमान किंवा अस्वल आलं की असा कळप बिथरून पाण्याकडे पळतो आणि पिल्लं चेंगरतात. बातमी पसरल्यावर पत्रकार आणि पर्यटक तिकडे निघू लागले, तेव्हा गावानंच विनंती केली की येऊ नका. जागृतीच्या नावाखाली 'नाहीसं होण्याआधी पाहून घ्या' असल्या सहलींची जाहिरात कराल तर हे गाव आठवा. तिकडे माणसं राहतात, हेही सांगा. इनुइट लोकांसाठी गोठलेला समुद्र म्हणजे शिकारीची वाट आणि नात्यागोत्याचा रस्ता. इनुइट नेत्या शीला वॉट-क्लुटिये यांनी २००५ मध्येच त्यांच्या वतीनं आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे दाद मागितली होती.

तारखा जाहीर करू नका

"२०१५ पर्यंत आर्क्टिक उन्हाळ्यात बर्फमुक्त" अशा अर्थाची भाकितं मोठ्या लोकांनी केली. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी २००९ मध्ये कोपनहेगनला पाच-सात वर्षांची शक्यता बोलून दाखवली होती. तसं झालं नाही आणि तो टोला आजही कार्यक्रमांत आपल्याला बसतो. जे मोजलंय ते सांगा. १९८० च्या दशकात सप्टेंबरमध्ये आर्क्टिकवर ७० लाख चौरस किलोमीटरच्या आसपास बर्फ उरायचा. २०१२ च्या सप्टेंबरमधला नीचांक होता सुमारे ३४ लाख. पुढची बरीच वर्षं तो मोडला नाही, हेही लपवू नका. दर वर्षी खाली-वर होतं, पण कल खालीच आहे. मार्च २०२५ मध्ये हिवाळ्यातला सर्वाधिक विस्तार उपग्रहाच्या तोवरच्या नोंदींतला सर्वात कमी भरला. पुढचं विचारलं तर आयपीसीसीचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या शास्त्रज्ञांच्या समितीचं, २०२१ चं म्हणणं सांगा: २०५० च्या आधी एकदा तरी सप्टेंबर जवळपास बर्फमुक्त असण्याची शक्यता आहे. 'जवळपास' म्हणजे १० लाख चौरस किलोमीटरहून कमी, शून्य नव्हे.

अडचणीच्या प्रश्नाला बगल देऊ नका

"अस्वलं तर वाढलीत ना?" हे हमखास विचारतात. साठच्या दशकातले आकडे अंदाजपंचे होते. शिकारीवर बंधनं आणणारा करार १९७३ मध्ये पाच देशांनी केला आणि काही ठिकाणी अस्वलं सावरली. आज जगात साधारण २६ हजार असावीत, वीसेक गटांत विभागलेली. काही गट ठीक आहेत, काही घटताहेत, काहींची मोजणीच झालेली नाही. असंच सांगा.

"अंटार्क्टिकाचा बर्फ वाढला होता ना?" हो, २०१४ मध्ये तो २ कोटी चौरस किलोमीटरच्या वर गेला होता. २०१६ पासून घसरला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये १८ लाखांच्याही खाली आला.

ओझोनच्या छिद्रामुळे बर्फ वितळतो, असं पोस्टरवर लिहू नका. प्लास्टिकच्या पिशवीचाही इथे संबंध लावू नका. ते प्रश्न खरे आहेत, पण हा नव्हे. इथे मुख्य कारण कोळसा, तेल आणि वायू जाळून साठलेला कार्बन डायऑक्साइड.

आणि सांगलीचा पूर थेट आर्क्टिकच्या माथी मारू नका. मोह होतो, कारण लोक लगेच कान टवकारतात. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, २००८ पासून आर्क्टिकमधल्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर 'हिमाद्री' हे आपलं संशोधन केंद्र आहे. वास्कोच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये आर्क्टिकचा घटता बर्फ आणि मोसमाअखेरचा मध्य भारतातला अतिवृष्टीचा पाऊस यांच्यात दुवा असू शकतो, असं मांडलंय. 'असू शकतो' हे दोन शब्द गाळू नका.

माणसांना रिकाम्या हाती घरी पाठवू नका

शेवटी कुणीतरी उठून विचारतं, "आम्ही इथे बसून काय करायचं?" "झाडं लावा" म्हणून सुटका करून घेऊ नका. मी सुतारकामाची आठ बाय चारची प्लायवूडची शीट भिंतीला टेकवून ठेवतो. २०१६ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी जुन्या नोंदींवरून हिशेब मांडला: एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला की सप्टेंबरचा साधारण ३ चौरस मीटर बर्फ कमी होतो. म्हणजे बरोबर ही एक शीट. लिटरला ४५-५० किलोमीटर देणारी दुचाकी साधारण २० हजार किलोमीटर चालली की एक शीट. मुंबई-लंडन विमानानं जाऊन आलं की माणशी एक शीट. महिन्याला दीडशे युनिट वीज जाळणारं घर वर्षाला एका शीटहून थोडं जास्त. भारतीय माणसाची सरासरी वर्षाला सुमारे दोन शीट, अमेरिकन माणसाची त्याच्या सातपट. हेही स्पष्ट बोला, कारण आपल्या माणसांवर नसलेल्या अपराधाचं ओझं टाकणंही खोटंच आहे.

एका ज्येष्ठ नागरिक संघात एक आजोबा उठून त्या शीटजवळ गेले, तळहात सपाट टेकवून वरपासून खालपर्यंत फिरवला आणि म्हणाले, "आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवलं तर असल्या किती वाचतील?" सेक्रेटरींनी वर्षाची बिलं मागवली. त्या संध्याकाळी आम्ही चहा होईपर्यंत वहीत युनिटं मांडत बसलो होतो.