शिबिरातली ताई, शिबिरातला दादा

एप्रिल-मे आला की भंडारदऱ्यापासून कोयनेपर्यंत मुलांची साहस शिबिरं सुरू होतात आणि आयोजकांना कॉलेजातले गटप्रमुख लागतात. मुलांच्या लेखी तुम्ही ताई नाहीतर दादा. मी काही उन्हाळे हे काम केलंय. नवीन येणारे बहुतेक जण पहिल्यांदा हेच विचारतात, ‘मला रॅपलिंग येत नाही, चालेल का?’ रॅपलिंग म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरणं. येत नसलं तरी खुशाल या. दोर, हार्नेस (अंगाला बांधायचे पट्टे), अँकर (दोर अडकवायचा पक्का आधार) हे प्रशिक्षकांचं खातं. येत नसेल तर त्याला हातही लावू नका.

तुमचं काम दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात असतं. कड्यावर मुलं शिस्तीत असतात, कारण घाबरलेली असतात. पोटभर जेवून तंबूत आलेली बारा वर्षांची पोरं कशालाच घाबरत नाहीत. कोण पाण्याच्या दिशेने निघालं, कोण वारुळात काठी घालतंय, हे सगळं दुपारी एक ते चारमध्ये घडतं. गटप्रमुखाने तेव्हा डुलकी काढायची नसते. मुलांना क्रमांक वाटून द्या आणि निघताना, पोचल्यावर, जेवणाआधी मोठ्याने म्हणायला लावा. नजरेने मोजलेली संख्या हमखास चुकते. चालताना एक जण पुढे, एक शेपटीला. शेपटीचं काम अनुभवी माणसाकडे हवं, कारण बूट चावतोय हे लपवणारं मूल तिथेच सापडतं.

मे महिन्यातला कातळ दहानंतर तापतो, म्हणून चढाई सकाळी लवकर उरकतात. ‘पाणी प्या रे’ असं ओरडून काही होत नाही. बाटली हातात घेऊन हलवून बघा. भरलेली असेल तर मुलाला बाजूला घेऊन कारण विचारा. बऱ्याचदा, विशेषतः मुलींच्या बाबतीत, कारण एकच असतं: तात्पुरत्या संडासात जायची लाज किंवा अंधाराची भीती. मग पाणीच कमी प्यायचं. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, मळमळतं आणि सगळे उन्हाला दोष देतात. मी रात्री झोपायच्या आधी टॉर्च घेऊन ‘चला, मी निघालेय, कोण येतंय?’ एवढंच म्हणते. आधी कोणी नको म्हणतं, मग निम्मा तंबू मागे येतो. मीठ-साखरेच्या पाण्याचं प्रमाण पाठ हवं: लिटरभर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

रडणं बहुतेक दुसऱ्या रात्री येतं. पहिल्या रात्री नवलाई असते, थकवा असतो. एक मुलगा पिठलं-भाकरी तशीच ठेवून ‘आईला फोन लावा’ म्हणून बसला होता. सगळ्यांसमोर समजूत घातली असती तर तो अजून पेटला असता. त्याला म्हटलं, आधी माझ्याबरोबर विंचू शोधायला चल. अतिनील प्रकाशाच्या टॉर्चमध्ये विंचू हिरवट-निळा चमकतो. दगडाच्या फटीत एक दिसला आणि हा पळत जाऊन तंबूतल्या सगळ्यांना घेऊन आला. सकाळी सगळे न सांगता बूट झटकून घालत होते. फोन मात्र दुसऱ्या दिवशी लावून दिला. कबूल केलं असेल तर ते टाळू नये.

दुपारनंतर वळवाचे ढग चढले तर कड्यावरून, डोंगराच्या धारेवरून खाली या. एकट्या झाडाखाली थांबू नका. वीज दिसल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर पक्का निवारा गाठायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. साप चावला तर चिरा नको, करकचून बांधणं नको; हालचाल थांबवा आणि 108 ला फोन करा. सर्पविषावरचं इंजेक्शन सर्वांत जवळ कुठे मिळतं, हे पोचल्याच दिवशी विचारून ठेवा.

होकार देण्याआधी आयोजकांना थोडं छळा. राज्याचं साहसी पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं. त्याप्रमाणे नोंदणी आहे का? रात्री गाडी तळावर उभी असते का? मुली असतील तर किती ताया आहेत? उत्तरं गुळमुळीत आली तर जाऊ नका.

मानधन फार नसतं. जेवण-राहणं आणि बहुधा प्रवासखर्च मिळतो. पुढे यातच राहायचं असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स करा. जागा लवकर भरतात, म्हणून अर्ज बरेच महिने आधी टाका. तोवर जवळपास कुठे प्रथमोपचाराचा वर्ग असेल तर तो उरकून घ्या. गटप्रमुखांची मुलाखत घ्यायची वेळ आली तर मी आधी तेच विचारते.