स्वतःच्या गाडीने पोखरा: रस्ता जमतो, भन्सार नीट करा

नेपाळला गाडीने जायचं म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. "काही लागत नाही हो, उघडी सीमा आहे," हा एक आणि "नाक्यावर एजंट सगळं करून देतो," हा दुसरा. पहिला अर्धाच खरा आहे: भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही, पण भारतीय गाडीला रीतसर परवाना लागतो, त्यालाच भन्सार म्हणतात. दुसऱ्या सल्ल्यामुळे लोक पुढे चौकीवर अडकतात.

कधी निघावं

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरअखेर. पावसाळ्यात दरडी कोसळतात. मार्च-एप्रिलमध्ये हवा धुरकट असते आणि एवढं अंतर तोडून गेल्यावरही शिखरं दिसत नाहीत. आपली दिवाळीची सुट्टी नेमकी तिकडच्या तिहारवर, म्हणजे त्यांच्या दिवाळीवर येते, तेव्हा गावी जाणाऱ्या बसेसनी घाट तुंबलेले असतात. शक्य असेल तर भाऊबीज घरी करून निघा.

गोरखपूरपर्यंत

मुंबई-नाशिककडच्यांना समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, नागपूरला मुक्काम. टायर जुने असतील तर समृद्धीवर सलग वेगात गाडी पळवू नका. नागपूरहून सिवनीमार्गे जबलपूर. वाटेत पेंचच्या जंगलात रस्ता खांबांवरून जातो आणि खालून जनावरं ये-जा करतात. जबलपूरला अर्धा दिवस भेडाघाटसाठी ठेवाच. धुवांधार आणि संगमरवरी कडे पाहायला एरवी एवढ्या लांब वेगळं कोण येतं! पुढे रीवा, प्रयागराज, गोरखपूर. रीवा सोडल्यावर सोहागी घाटात ट्रक ब्रेक तापवत उतरतात, त्यांच्या मागे अंतर ठेवा. शेवटचा भारतीय मुक्काम गोरखपूरला करा, सीमेवरच्या सोनौलीला नको. तिथे रात्रभर ट्रकचे हॉर्न ऐकत बसावं लागतं.

घर सोडण्याआधीची कागदपत्रं

आरसी, लायसन्स, पीयूसी मूळ स्वरूपात, सोबत दोन-दोन झेरॉक्स. मोबाईलमधलं डिजीलॉकर सीमेपलीकडे चालेल असं धरून चालू नका. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, नुसत्या आधारवर विसंबू नका. गाडी दुसऱ्याच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर सही-शिक्क्याचं अधिकारपत्र हवं. नवरा-बायकोच्या बाबतीतही हेच.

विम्याचा मुद्दा जवळजवळ सगळे विसरतात. आपली मोटार पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. तिला भौगोलिक क्षेत्र वाढवल्याची जोडपुस्ती (एंडोर्समेंट) लावून मिळते आणि त्यात नेपाळ येतं. जुन्या मोटार दरपत्रकात सर्वसमावेशक पॉलिसीसाठी यासाठी फक्त ५०० रुपये जादा हप्ता होता. विमा कंपनीला मेल करा, पुस्ती कागदावर घ्या आणि तिच्यावर नेपाळ हे नाव लिहिलंय का ते पाहा. "होऊन जाईल सर" या फोनवरच्या आश्वासनाला अपघातानंतर शून्य किंमत असते.

भन्सार: इथे घाई नको

भन्सार म्हणजे नेपाळचं सीमाशुल्क कार्यालय. परवान्यालाही लोक भन्सारच म्हणतात. गोरखपूरहून पहाटे निघा, सुमारे शंभर किलोमीटर आहे. सोनौलीच्या अलीकडे ट्रकची लांब रांग लागते. ती मालवाहतुकीची असते, कार तिच्यात उभी करायची नसते. शनिवार टाळा, ती नेपाळची साप्ताहिक सुट्टी.

कमान ओलांडली की बेलहिया. इथेच गाडी कडेला लावायची. पुढे भैरहवा गाठून "नंतर करू" म्हणणाऱ्यांची गाडी विनापरवाना ठरते आणि पुढची सगळी बोलणी दंडापासून सुरू होतात. गाडी लावली की माणसं येऊन गाठतील. फॉर्म भरून देण्यापुरते पैसे देणं वेगळं, पण आरसी आणि लायसन्स घेऊन "तुम्ही चहा घ्या" म्हणणाऱ्याच्या हाती कागद देऊ नका. फॉर्म एका पानाचा असतो. नाव, गाडी नंबर, इंजिन-चॅसिस नंबर, किती दिवस, कुठवर जाणार. देवनागरीतच आहे, मराठी माणसाला वाचायला एजंट कशाला?

पहिला सापळा सुविधा पासचा. तो त्याच दिवशी परतणाऱ्या, सीमेलगत बाजारहाट करणाऱ्या गाड्यांसाठी असतो. स्वस्त आणि झटपट म्हणून एजंट तोच हातात ठेवतो. जिथून डोंगर सुरू होतो त्या बुटवलच्या पुढे त्याला काही अर्थ नाही.

दुसरा सापळा दिवसांचा. शुल्क दिवसाच्या हिशोबाने असतं आणि प्रवेशाचा दिवस पूर्ण धरला जातो, मग तुम्ही दुपारी चारला का शिरेना. नेपाळच्या एका आर्थिक वर्षात, म्हणजे साधारण जुलैच्या मध्यापासून पुढच्या जुलैच्या मध्यापर्यंत, खासगी भारतीय गाडीला एकूण ३० दिवसांची मर्यादा आहे. तुमच्या आखणीपेक्षा दोन दिवस जास्तीचे घ्या. दरड पडून रस्ता बंद झाला तर ते दोन दिवस लागतात; मुदत टळून गेल्यावरचा दंड आणि खेटे त्यापेक्षा कितीतरी महाग पडतात.

तिसरी गोष्ट तारखेची, आणि इथे आपण मराठी लोक हटकून फसतो. परवान्यावर विक्रम संवत असतो. २०२६ चा नोव्हेंबर म्हणजे तिकडे २०८३ चा कार्तिक-मंसिर. पण हा कार्तिक आपल्या पंचांगातला नव्हे. त्यांचे महिने सौर आहेत आणि संक्रांतीला बदलतात. कालनिर्णय काढून ताळा करत बसू नका. मोबाईलवर नेपाळी दिनदर्शिका घ्या, मुदतीची शेवटची तारीख इंग्रजी तारखेत किती येते ते खिडकीसमोरच पाहा आणि चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या. सोबत गाडी नंबरचा प्रत्येक अंक तपासा.

परत दुसऱ्या नाक्यावरून, समजा रक्सौलहून, यायचं असेल तर तेही आत्ताच सांगा.

भन्सारनंतर यातायातचा, म्हणजे वाहतूक कार्यालयाचा रस्ता परवाना. तो घेतल्याशिवाय बेलहिया सोडू नका. महामार्गावरच्या चौक्यांवर दोन्ही कागद मागतात. शुल्कासाठी नेपाळी रोकड जवळ हवी. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे "आज भाव कमी आहे" म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. भारतीय नोटा शक्यतो शंभरच्या ठेवा. नेपाळच्या फोनपे (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) क्यूआरवर आपलं यूपीआय अनेक दुकानांत चालतं, पण खिडकीवर त्याच्या भरवशावर राहू नका.

डोंगर सुरू

लुंबिनी सीमेपासून तासाभरात, अशोकस्तंभ पाहून दुपारी बुटवल. इथून पोखऱ्याला दोन रस्ते. सिद्धार्थ राजमार्ग तानसेनवरून जातो, सुमारे १६० किलोमीटर. त्याला सहा-सात तास धरा. गूगलचा अंदाज विसरा, नेपाळच्या घाटात ताशी पंचवीसची सरासरी चांगली समजायची. बुटवल सोडताच सिद्धबाबाचा कडा लागतो, तिथे वरून दगड येतात, त्यामुळे फोटोसाठी थांबू नका. दुसरा रस्ता नारायणगढ-मुग्लिनवरून. तो लांब आहे आणि रुंदीकरणामुळे धुळीचा.

कोरड्या दिवसांत जाताना सिद्धार्थ, येताना मुग्लिन. तानसेनला मुक्काम करून पहाटे श्रीनगर डांड्यावर चढा. पोखऱ्यात तीन रात्रींपेक्षा कमी ठेवू नका. माछापुच्छ्रेचं शिखर दिसायचं ते सकाळीच, आणि एखादी सकाळ ढगात जातेच. येताना डुम्रेहून वर बंदीपूर. गाडी बाहेर ठेवावी लागते, बाजारपेठेत वाहनं नाहीत. मुक्तिनाथ याच सहलीत कोंबू नका. बेनीच्या पुढचा रस्ता छोट्या हॅचबॅकचा नाही, अन्नपूर्णा क्षेत्राचं वेगळं परमिट लागतं आणि दिवसही जास्त लागतात.

काठमांडूला वळलात तर हॉर्न आवरा, तिथे २०१७ पासून बंदी आहे. आणि पिऊन गाडी चालवणं पूर्ण बंद, एका बिअरलाही सूट नाही.

परतताना

बेलहियाला पुन्हा भन्सारच्या खिडकीवर जा, परवाना जमा करा, गाडी बाहेर गेल्याची नोंद होताना समोर उभे राहा. शेवटच्या दिवशी कमान दिसली की लोक थेट निघून येतात. मग कागदोपत्री गाडी नेपाळमध्येच राहते आणि पुढच्या वेळी त्याच नंबरावर परवाना मागितला की जुन्या मुदतीचा हिशोब समोर येतो. जमा करण्याआधी परवान्याचा आणि पावत्यांचा फोटो काढून ठेवा.