शालेय ग्रंथपालपदाची तयारी कशी करावी

शाळेत ग्रंथपाल होऊ इच्छिणाऱ्या मराठवाड्यातील पदवीधराने प्रथम ग्रंथालय व माहितीशास्त्राची एक वर्षाची पदवी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सरसकट बी.लिब. म्हणतात ती, पूर्ण करावी. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात या विषयाचा विभाग आहे. घर किंवा शेती सोडून वर्षभर शहरात राहणे ज्यांना शक्य नाही, त्यांनी दूरस्थ शिक्षणाचा विचार करावा. मात्र त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षापुरती विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे की नाही, हे शुल्क भरण्यापूर्वी तपासावे.

अभ्यासक्रमात वर्गीकरणाचा सराव भरपूर होतो. पुस्तकांना विषयानुसार अंक देणाऱ्या ड्युई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक असून कवितेसाठी त्यापुढे १, नाटकासाठी २ आणि कथा-कादंबरीसाठी ३ येतो, हे परीक्षेपुरते कोणीही पाठ करतो. खरी अडचण शाळेत सुरू होते, कारण चौथीतले मूल वर्गांक सांगत नाही. ते "सर, ते वाघाचं लाल पुस्तक द्या" असे म्हणते. म्हणूनच शिकत असताना आठवड्यातून दोन दिवस तरी गावातल्या एखाद्या शाळेचे कपाट मागून घ्यावे आणि त्यातील पन्नास पुस्तकांवर सगळे काम स्वतः करावे. प्रत्येक पुस्तकाची दाखल नोंदवहीत नोंद करून दाखलांक (त्या नोंदीचा क्रमांक) शीर्षकपृष्ठाच्या मागील बाजूवर आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर लिहावा. बालपुस्तकाची पाठ (बांधणीची कडा) इतकी बारीक असते की वर्गांकाची चिठ्ठी तिच्यावर मावत नाही. ती मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात चिकटवावी आणि लहान वर्गांसाठी विषयवार रंगीत पट्टीही लावावी.

संगणकासाठी ई-ग्रंथालय किंवा कोहा या ग्रंथालय व्यवस्थापनाच्या प्रणालींपैकी एक पुरेशी आहे. दोन्हींवर अर्धवट हात बसवण्यापेक्षा एकीवर देवघेव, शोध आणि थकीत पुस्तकांची यादी बिनचूक काढता यावी.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेच्या ग्रंथालयात वर्तमानपत्रे, मासिके आणि कथापुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असावी लागतात. तरीही पुस्तके हरवतील या धास्तीने कुलूप लागलेली कपाटे आपल्याकडे कमी नाहीत (हरवलेल्या पुस्तकाची भरपाई पगारातून होईल, ही भीती अगदीच निराधार नसते). त्यामुळे साठा पडताळणी आणि निर्लेखनाची (गहाळ व निकामी पुस्तके नोंदीतून वजा करण्याची) रीतसर पद्धत प्रशिक्षणातच शिकून घ्यावी: उन्हाळी सुटीपूर्वी सर्व पुस्तके परत घेऊन नोंदवहीशी ताडावीत, गहाळ व फाटक्या पुस्तकांची वेगळी यादी करावी आणि तिच्यावर मुख्याध्यापकांची लेखी मंजुरी घ्यावी.