साईट कुणाला नवी दिसते, कुणाला जुनी? डिग चालवा आणि थेट नेमसर्व्हरला विचारा

होस्टिंग बदललं की हा फोन येतोच. माझ्या मावसभावाचं सांगलीत हळद-मसाल्याचं दुकान आहे, त्याची साईट मी बघतो. गेल्या वर्षी आम्ही ती एका होस्टिंगवरून दुसऱ्यावर नेली, नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) पण बदलले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन: "दादा, माझ्या मोबाईलवर नवी साईट दिसतेय पण दुकानातल्या कॉम्प्युटरवर जुनीच आहे, आणि काल संध्याकाळपासून ऑर्डरचा एकपण मेल आलेला नाही." सपोर्टला विचारलं तर तिकडून एकच वाक्य, २४ ते ४८ तास थांबा, प्रोपगेशन चालू आहे, म्हणजे बदल जगभर पसरतोय. साईटच्या बाबतीत ते अर्धं खरं होतं, मेलच्या बाबतीत साफ चुकीचं, आणि हे मला डिगने पाच मिनिटांत दाखवलं. थांबलो असतो तर दोन दिवसांच्या ऑर्डरी गेल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशीपण मेल आलाच नसता.

डिग ही टर्मिनलमध्ये चालणारी छोटी कमांड आहे, डीएनएस (साईटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) सर्व्हरला प्रश्न विचारते आणि आलेलं उत्तर काही न लपवता समोर ठेवते. बाइंड नावाचं डीएनएस सॉफ्टवेअर आहे ना, ऐंशीच्या दशकात बर्कली विद्यापीठात सुरू झालेलं, त्याच्याच सोबत ती येते. मॅकवर आधीपासून असते. उबंटू किंवा डेबियनवर नसेल तर डीएनएसयूटिल्स नावाचं पॅकेज टाका, फेडोराच्या घरातलं लिनक्स असेल तर बाइंड-यूटिल्स. विंडोजवर डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) चालू करून त्यात उबंटू घ्या आणि तिथे टाका, डिगसारखंच काम करणारं एनएसलुकअप विंडोजवर असतंच पण ते बऱ्याच गोष्टी गिळून टाकतं, म्हणून डिगची सवय लावलेली बरी.

खाली कमांड देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर त्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. डिग म्हणजे डी, आय, जी. जिथे अधिकचं चिन्ह आहे तिथे पुढचा शब्द चिकटवूनच लिहायचा, मध्ये स्पेस नाही. डोमेन म्हणून एक्झाम्पल.कॉम घेतलंय कारण ते नाव उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, आयपी आणि बाकी आकडे नमुन्याचे आहेत, तुम्ही तुमचं डोमेन टाका.

डिग एक्झाम्पल.कॉम

एंटर मारलं की पंधरा-वीस ओळी येतात आणि नवीन माणूस तिथेच घाबरतो, पण त्यातल्या तीन-चार जागाच बघायच्या असतात. वर स्टेटस लिहिलेलं असतं, मध्ये आन्सर सेक्शन असतो आणि शेवटी सर्व्हर नावाची ओळ. आन्सरमधली ओळ साधारण अशी दिसते:

एक्झाम्पल.कॉम. २८७ आयएन ए २०३.०.११३.१०

नाव, मग टीटीएल, मग आयएन म्हणजे इंटरनेट, मग रेकॉर्डचा प्रकार (ए म्हणजे आयपी सांगणारा), मग आयपी. सगळे आयपीकडे बघतात, पण मी आधी त्या २८७ कडे बघतो. ते सेकंद आहेत. परत तीच कमांड चालवा, २८७ चे २७५ झालेले दिसतील, परत चालवा, अजून कमी. आकडा असा उतरत असेल तर समजायचं की हे उत्तर मूळ जागेहून आलेलं नाही, मधल्या कुणीतरी जपून ठेवलेली कॉपी आहे.

सगळा गोंधळ इथेच होतो. आपल्याला जमिनीच्या सातबाऱ्याची सवय आहे तर तसंच बघा. मूळ नोंद तलाठ्याच्या दप्तरात, आणि गावात दहा जणांकडे तिची झेरॉक्स. नोंद बदलली तरी झेरॉक्स जुनीच राहते. डीएनएसमध्ये मूळ दप्तर म्हणजे डोमेनचा ऑथॉरिटेटिव्ह नेमसर्व्हर, आणि झेरॉक्स ठेवणारा म्हणजे रिझॉल्व्हर, जो तुमच्या इंटरनेट कंपनीचा असतो किंवा गूगलचा किंवा क्लाउडफ्लेअरचा. फरक एवढाच की इथे प्रत्येक झेरॉक्सवर ती किती सेकंद चालेल ते लिहिलेलं असतं, तोच टीटीएल. सेकंद संपले की रिझॉल्व्हर ती टाकून देतो आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं की मूळ जागी जाऊन नवी आणतो. म्हणजे प्रोपगेशन नावाचं काही पसरत वगैरे जात नाही, जुन्या कॉपीची मुदत संपते एवढंच. म्हणून डिग चालवताना दर वेळी मनात एकच प्रश्न ठेवायचा, हे उत्तर कुणी दिलं?

कुणाला विचारायचं हे आपण ठरवू शकतो, ॲटचं चिन्ह लावून:

डिग @८.८.८.८ एक्झाम्पल.कॉम +शॉर्ट
डिग @१.१.१.१ एक्झाम्पल.कॉम +शॉर्ट

पहिला गूगलचा, २००९ पासून चालू आहे, दुसरा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ मध्ये आला. +शॉर्ट लावलं की बाकीचा पसारा जातो आणि नुसता आयपी येतो. दोघांची उत्तरं वेगळी आली तर एकाकडे नवी कॉपी आहे आणि दुसऱ्याकडे जुनी, मावसभावाच्या मोबाईल आणि कॉम्प्युटरमध्ये हेच झालं होतं. गूगलला लागोपाठ विचारलं तर टीटीएल कधी २०० कधी २९० असा उड्या मारतो, त्याने गोंधळू नका, एका आयपीमागे बरेच सर्व्हर असतात आणि प्रत्येकाची कॉपी वेगळी.

आता मूळ दप्तर. आधी ते कुठे आहे ते विचारा:

डिग एक्झाम्पल.कॉम एनएस +शॉर्ट

दोन-चार नावं येतील. त्यातलं एक उचला आणि थेट त्यालाच विचारा, समजा नाव एनएस१.नवंहोस्टिंग.कॉम असं आहे:

डिग @एनएस१.नवंहोस्टिंग.कॉम एक्झाम्पल.कॉम

इथे +शॉर्ट लावू नका कारण फ्लॅग्जची ओळ बघायचीय. तिच्यात एए अशी दोन अक्षरं दिसली की उत्तर मूळ दप्तरातूनच आलं, आणि टीटीएल कितीही वेळा चालवा तेवढाच राहतो, उतरत नाही. हे उत्तर बरोबर असेल तर तुमचं काम झालेलं आहे, आता फक्त जुन्या कॉपीची मुदत संपायची आहे. हेच उत्तर चुकीचं असेल तर ४८ काय ४८० तास थांबलात तरी काही होणार नाही, होस्टिंगच्या पॅनेलमध्ये जाऊन रेकॉर्ड दुरुस्त करा.

मेलची भानगड मला इथेच सापडली. मेल कुठे पोचवायचा ते एमएक्स रेकॉर्डमध्ये असतं, म्हणून नव्या नेमसर्व्हरलाच विचारलं:

डिग @एनएस१.नवंहोस्टिंग.कॉम एक्झाम्पल.कॉम एमएक्स

स्टेटस नोएरर, एए फ्लॅग आहे, आणि आन्सर शून्य. म्हणजे सर्व्हर सांगत होता की डोमेन माझ्याकडेच आहे पण एमएक्स कुणी भरलेलाच नाही. जुन्या नेमसर्व्हरला तोच प्रश्न विचारला तर दोन व्यवस्थित ओळी आल्या, १० आणि २० असे प्राधान्याचे आकडे लावून, लहान आकडा आधी. साईट हलवताना ए रेकॉर्ड नेला होता आणि एमएक्स मागे राहिला होता. जुना सर्व्हर अजून चालू होता म्हणून त्याच्याकडून मला ते रेकॉर्ड तरी परत मिळाले, तेव्हा एक मनापासून सांगतो, जुनं होस्टिंग त्याच दिवशी बंद करू नका, आठवडाभर तरी राहू द्या.

नुसतं एमएक्सवर थांबू नका, टीएक्सटी (मजकुराचा रेकॉर्ड) पण बघा, कारण एसपीएफ, म्हणजे तुमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात ती यादी, तिथे असतो, आणि डीमार्कसाठी (तपासणीत नापास मेलचं काय करायचं तो नियम) डोमेनच्या आधी अंडरस्कोर लावून डीमार्क लिहायचं:

डिग एक्झाम्पल.कॉम टीएक्सटी +शॉर्ट
डिग _डीमार्क.एक्झाम्पल.कॉम टीएक्सटी +शॉर्ट

एसपीएफच्या दोन ओळी दिसल्या तर ते चूक आहे, एका डोमेनला एकच चालतो, दोन असतील तर समोरचा मेल सर्व्हर ती तपासणीच नापास धरतो. जुनी सर्व्हिस ठेवून नवी जोडली की हे हमखास होतं, दोन्ही ओळी एकत्र करून एक करा. आणि सगळे रेकॉर्ड एकदम मिळावेत म्हणून एनी टाकायचा सल्ला जुन्या ठिकाणी वाचायला मिळतो, त्यावर विसंबू नका, आता बरेच सर्व्हर एनीला मुद्दाम अर्धवट उत्तर देतात आणि २०१९ पासून तसं करायला अधिकृत मुभापण आहे. एकेक प्रकार वेगळा विचारलेला बरा.

स्टेटसचे चार शब्द ओळखीचे करून घ्या. नोएरर म्हणजे नाव अस्तित्वात आहे, पण वर झालं तसं आन्सर रिकामा असू शकतो. एनएक्सडोमेन म्हणजे हे नावच नाही, स्पेलिंग बघा. रिफ्यूज्ड बहुतेक वेळा तेव्हा येतं जेव्हा आपण अशा सर्व्हरला विचारतोय ज्याच्याकडे हे डोमेन नाहीच, म्हणजे पॅनेलमध्ये झोन (त्या डोमेनच्या नोंदींचा संच) तयार झालेला नाही. आणि सर्व्हफेल, हा त्रासदायक. नेमसर्व्हर बदलल्या बदलल्या सर्व्हफेल आला तर माझा पहिला संशय डीएनएससेकवर (डीएनएसच्या उत्तरांवर डिजिटल सही करायची पद्धत) असतो, जुन्या ठिकाणी सही चालू होती, तिचा डीएस रेकॉर्ड, म्हणजे सहीच्या किल्लीची खूण, रजिस्ट्रारकडे (जिथून डोमेन घेतलं ती कंपनी) तसाच राहिला आणि नव्या ठिकाणी ती किल्ली नाही. तपासायला सोपं आहे:

डिग @८.८.८.८ एक्झाम्पल.कॉम +सीडी

सीडी लावल्याने सही तपासू नको असं सांगितलं जातं. साध्या कमांडला सर्व्हफेल आणि सीडी लावल्यावर उत्तर, असं असेल तर खात्री समजा. रजिस्ट्रारच्या पॅनेलमधून जुना डीएस काढायला लागेल.

कुठे अडलंय तेच कळत नसेल तेव्हा ट्रेस:

डिग एक्झाम्पल.कॉम +ट्रेस

यात डिग स्वतःच वरून खाली चालत जातं, आधी रूट सर्व्हर, ज्यांना ए पासून एम पर्यंत तेरा नावं आहेत, मग कॉमचे सर्व्हर, मग तुमचे. मधल्या कुणाची कॉपी वापरत नाही. शेवटच्या टप्प्याआधी कॉमचे सर्व्हर तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर सांगतात त्या ओळी नीट वाचा, तिथे अजून जुनी नावं असतील तर रजिस्ट्रारकडे बदल सेव्हच झालेला नाही. आणि त्या ओळींचा टीटीएल बघा, १७२८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस. ते ४८ तास आले ते इथून. नेमसर्व्हर बदलताना ते लागू शकतात हे खरंय, पण तोच आकडा लोक साध्या ए रेकॉर्डच्या बदलालापण लावतात, जिथे टीटीएल ३०० असेल तर पाच मिनिटांत काम होतं.

एक चूक मी स्वतः बरेच दिवस करत होतो, नवीन सबडोमेन बनवायच्या आधीच डिग मारून बघायचो. रिझॉल्व्हर तेव्हा विचारून येतो, नाव नाही असं कळतं, आणि "नाही" हे उत्तरसुद्धा तो जपून ठेवतो. मग रेकॉर्ड टाकला तरी एनएक्सडोमेनच येत राहतं आणि माणूस पॅनेलमध्ये चूक शोधत बसतो. किती वेळ जपायचं ते एसओए रेकॉर्डवरून (डोमेनची मुख्य नोंद) ठरतं, एसओए विचारून शेवटचा आकडा बघा, साधारण तेवढे सेकंद किंवा कमी. म्हणून आधी रेकॉर्ड टाकायचा, मग मूळ नेमसर्व्हरला थेट विचारायचं, आणि तिथे दिसला की मगच ८.८.८.८ कडे जायचं.

अजून एक, डिग बरोबर सांगतंय पण ब्राउझर जुनंच दाखवतो, असं झालं तर कॉम्प्युटरची होस्ट्स फाईल उघडून बघा. डिग ती फाईल वाचत नाही, ब्राउझर मात्र तिचं ऐकतो. टेस्टिंगसाठी कुणीतरी तिथे आयपी लिहून ठेवतं आणि काढायचं राहून जातं.

डोमेन देवनागरीत असेल, म्हणजे .भारत वालं, तर डीएनएसच्या आत ते एक्स, एन आणि दोन डॅश असं सुरू होणाऱ्या इंग्रजी रूपात असतं. काही ठिकाणचं डिग देवनागरी नाव थेट घेतं, काही ठिकाणचं नाही, न घेतल्यास ते इंग्रजी रूप रजिस्ट्रारच्या पॅनेलमधून कॉपी करा आणि तेच टाका.

मावसभावाचं त्या दिवशी असं झालं की मी दोन्ही एमएक्स आणि एसपीएफ नव्या पॅनेलमध्ये भरले, नव्या नेमसर्व्हरला विचारून एए सकट उत्तर येतंय ते बघितलं आणि जीमेलवरून एक टेस्ट मेल टाकला, थोड्या वेळाने त्याचा फोन, आला म्हणे. दुकानातल्या कॉम्प्युटरवर संध्याकाळपर्यंत जुनीच साईट होती, पण किती सेकंद उरलेत हे त्याच मशीनवर डिग चालवून त्याला दाखवलं होतं, आकडा उतरताना बघून तो निवांत झाला. पुढच्या वेळी हलवायचं असेल तर दोन दिवस आधी ए आणि एमएक्सचा टीटीएल ३०० वर आणून ठेवा, जुन्या नेमसर्व्हरला एकेक करून ए, एमएक्स, टीएक्सटी विचारा आणि आउटपुट फाईलमध्ये सेव्ह करा, नवीन ठिकाणी भरल्यावर तेच प्रश्न परत विचारून दोन्ही फाईली शेजारी ठेवा, आणि जुळल्या की मगच रजिस्ट्रारकडे नेमसर्व्हर बदला.