माणसाचं इंटरफेरॉन गामा पेशींना द्यायचं कसं

इंटरफेरॉन गामा म्हणजे रोगप्रतिकारक पेशी इतर पेशींना इशारा द्यायला सोडतात ते प्रोटीन. पहिल्यांदाच करत असाल तर त्याची वायल (छोटी बाटली) आली की लगेच झाकण उघडू नका, पावडर इतकी कमी असते की डोळ्यांना दिसतच नाही आणि झाकणाला चिकटली असेल तर गेलीच समजा, म्हणून आधी अर्धा मिनिट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्या. मग सोबतच्या शीटवर जे सांगितलंय त्यातच विरघळवा, व्होर्टेक्स (ट्यूब जोरात हलवणारं यंत्र) अजिबात नको, पिपेटने हळूहळू वरखाली करा. पुढे पातळ करताना ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) टाकाच, नाहीतर इंटरफेरॉन ट्यूबच्या भिंतीलाच चिकटून बसतं. छोटे छोटे भाग करून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवायचे, एकदा वितळलेलं परत गोठवायचं नाही.

हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सर पेशी) दर मिलीलिटर माध्यमाला १०-२० नॅनोग्रॅम पुरतं. उंदराच्या पेशींवर मात्र हे चालत नाही, त्यांचा रिसेप्टर (इंटरफेरॉन पकडणारं पेशीवरचं प्रोटीन) माणसाचं गामा ओळखतच नाही!

खरी गंमत वेळेची आहे. गामा रिसेप्टरला चिकटलं की जॅक१ आणि जॅक२ ही एन्झाइम जागी होतात, स्टॅट१ या निरोप पोचवणाऱ्या प्रोटीनच्या ७०१ नंबरच्या टायरोसिनवर (एक अमिनो आम्ल) फॉस्फेट लागतो आणि स्टॅट१ची जोडी थेट न्यूक्लियसमध्ये शिरते, हे सगळं १५-३० मिनिटांत, त्यामुळे हा फॉस्फेट बघायला वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन ओळखायची चाचणी) करायचा असेल तर ३० मिनिटांनी प्लेट बर्फावर घ्या, पेशी फोडायच्या बफरमध्ये फॉस्फेटेज इनहिबिटर (फॉस्फेट निघून जाऊ न देणारं रसायन) हवाच. पण पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए-डीआर (रोगप्रतिकारक पेशींना प्रोटीनचे तुकडे दाखवणारं प्रोटीन) बघायचंय तर घाई नको, आधी त्याचं जनुक चालू करणारं सीआयआयटीए बनावं लागतं, ४८ तास द्या. आणि तुलनेसाठी इंटरफेरॉनशिवाय नुसतं बफर घातलेली एक प्लेट सोबत ठेवाच ठेवा.