मराठीत ऑनलाइन लिहिताना: आपला सूर, आपली माणसं

ऑनलाइन लिहायला घेतलं की पहिली चूक ठरलेली असते: 'सगळ्यांसाठी' लिहायचं. सगळ्यांसाठी लिहिलेलं कुणालाच आपलं वाटत नाही. त्यापेक्षा एक माणूस निवडा. डोंबिवलीची मावशी, शाळेतली मैत्रीण, परळहून येणारा ऑफिसातला सहकारी, कुणीही चालेल, पण खरं माणूस हवं. लिहिताना त्याला समोर बसवा. त्याला ठाऊक असलेलं पुन्हा समजावू नका आणि ठाऊक नसलेलं गाळू नका. सूर तिथेच निम्मा सापडतो, कारण मावशीशी बोलताना कुणी 'सदर विषयाच्या अनुषंगाने' म्हणत नाही.

मग विषय लहान करा. 'मुंबईतला पाऊस' हा विषय फार मोठा आहे. दादरजवळच्या हिंदमाताला पाणी भरू लागलं की दुकानदार आधी कुठला माल वरच्या फळीवर चढवतात, हा विषय पोस्टभर पुरतो. असा एक तुकडा धरा: तुमची चाळ, तुमचा बाजार, तुमचं काम, घरातला एखादा पदार्थ. सहा आठवडे, आठवड्याला दोन पोस्ट, विषय तोच. बारा पोस्टनंतर आपण कुठले शब्द सारखे वापरतो आणि कुठे उगाच गंभीर होतो, हे स्वतःलाच दिसायला लागतं. रोज नवा विषय घेणाऱ्याला ते दिसत नाही आणि वाचकालाही 'हा अमुक लिहिणारा' अशी ओळख पटत नाही.

फरक कसा पडतो, ते एका उदाहरणात पाहा. 'लोकल ही मुंबईची जीवनवाहिनी आहे' या वाक्यावर वाचकाला बोलण्यासारखं काही नाही. आता हे वाचा: 'तीन जणांच्या बाकावर चौथा टेकतो तो अर्धाच. त्याचा एक पाय वाटेत असतो आणि दर स्टेशनला आत शिरणारा प्रत्येक जण त्याच्या गुडघ्याला बॅग घासून जातो.' चौथ्या सीटवर बसलेला माणूस हे वाचून थांबतो आणि खाली स्वतःचा अनुभव लिहितो. ओळख पटली की बोलणं सुरू होतं. पोस्ट टाकण्याआधी प्रत्येक परिच्छेदात एक तरी गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली किंवा हाताला लागलेली आहे का, ते तपासा. नसेल तर तो परिच्छेद बहुतेक वेळा काढता येतो.

कच्चा मजकूर बोलून काढा. फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडा, माइक दाबा आणि तीन मिनिटं त्या एका माणसाशी बोला. विरामचिन्हं येणार नाहीत, गावांची नावं चुकतील, ती नंतर दुरुस्त करा. पण वाक्याची चाल तुमची असेल. दुसऱ्या दिवशी तोच मजकूर मोठ्याने वाचा. जिथे मध्येच श्वास घ्यावा लागतो तिथे वाक्य तोडा. पहिला परिच्छेद खोडून पाहा. बऱ्याचदा तो लिहिणाऱ्याला हात मोकळा करायला लागलेला असतो, वाचकाला त्याची गरज नसते.

घरी मालवणी, आगरी, कोळी बोलत असाल तर ती बोली संवादात जशीच्या तशी येऊ द्या. प्रत्येक शब्दाला कंसात अर्थ देऊ नका. पुढच्या वाक्यातून अर्थ कळेल अशी मांडणी करा. बोली फक्त विनोदासाठी वापरली तर त्याच भाषेतली माणसं सगळ्यात आधी दुरावतात, आणि ते बरोबरच आहे.

आता अक्षरांचं. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. दुसऱ्या शब्दासाठी नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ऱ, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग य, असं टाइप करावं लागतं. साधा र घेतला की 'दुसर्या', 'पायर्या' अशी रूपं होतात आणि मराठी वाचकाच्या डोळ्याला ती लगेच खुपतात. 'ॲप' मधलं पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एक सलग ॲ, दुसरं अ आणि वर वेगळी खूण. दिसायला सारखी, पण संगणकाच्या लेखी वेगळी, त्यामुळे शोधताना एक लिहिलं तर दुसरं सापडेलच असं नाही. एक पद्धत ठरवा आणि तीच ठेवा. छपाईच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवू नका, फोनवर तो गिचमिड दिसतो. आधी सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडमध्ये रूपांतर करा, मग जोडाक्षरं एकदा नजरेखालून घाला.

एक्सवर (आधीचं ट्विटर) साध्या खात्याला 280 अक्षरांची मर्यादा आहे आणि तिथे काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले जातात. 'मुंबई' हा शब्द पाच जागा घेतो. म्हणून तिथे एका पोस्टमध्ये एकच गोष्ट सांगा. इन्स्टाग्रामला चित्राखालच्या मजकुरात 2,200 अक्षरं चालतात, पण वाचकाला आधी सुरुवातीचा तुकडाच दिसतो, तेव्हा ती जागा 'नमस्कार मित्रांनो'मध्ये घालवू नका. कविता फक्त चित्रात टाकली तर ती शोधात सापडत नाही आणि स्क्रीन रीडर (मजकूर वाचून दाखवणारी सोय) वापरणाऱ्यापर्यंत पोचत नाही. खाली मजकूर म्हणूनही द्या. माध्यम कुठलं, यावर याहून जास्त डोकं शिणवू नका. तुमची माणसं जिथे आधीच आहेत तिथे लिहा.

खरं काम पोस्ट टाकल्यावर सुरू होतं. स्वतःच्या एका पोस्टमागे दुसऱ्यांच्या पाच पोस्टवर नीट प्रतिक्रिया द्या. 'खूप छान' ही पोच झाली. कुठली ओळ आवडली, का, आणि त्यावरून तुम्हाला काय आठवलं, हे दोन वाक्यांत लिहिलंत तर समोरचा तुमच्या पानावर येतो. प्रश्नही असा विचारा की उत्तर लगेच सुचेल. 'तुम्हाला काय वाटतं?' याला उत्तरं कमी येतात. 'तुमच्या चाळीत पाणी किती वाजता यायचं?' याला गिरगावपासून भांडुपपर्यंत उत्तरं येतात, आणि पुढच्या पोस्टचा मालही त्यातच मिळतो. तो वापरताना सांगणाऱ्याला विचारा. नाव द्यायचं की नाही, ते त्याने ठरवायचं.

तीच आठ-दहा नावं वारंवार दिसू लागली की व्हॉट्सॲप ग्रुप करा. विचारल्याशिवाय कुणालाही घेऊ नका, कारण ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात आणि त्याचा त्रास बायकांना जास्त होतो. ग्रुपच्या माहितीत तीन नियम लिहून ठेवा: फक्त स्वतःचं लेखन, फॉरवर्ड नाही, सुप्रभात नाही. ग्रुप बिघडतो तो भांडणाने कमी आणि पहिलं फॉरवर्ड खपवून घेतल्याने जास्त. दोन ॲडमिन ठेवा आणि नियम मोडणाऱ्याला खाजगीत सांगा. बारा-पंधरा माणसं लिखाणावर बोलायला भरपूर झाली.

चोरीचं दुखणं खरं आहे. चांगला मजकूर नाव गळून फिरतो, कधी थेट मोठ्या लेखकाच्या नावावर खपतो. शेवटचं नाव कापणं सोपं असतं, म्हणून मजकुराच्या मध्येच स्वतःचा किंवा गल्लीचा उल्लेख गुंफा. मूळ पोस्ट तारखेसह उघडी ठेवा. लिहिता क्षणी कॉपीराइट तुमचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हाच न्याय आपल्यालाही लागू: कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क त्याच्या वारसांकडे असतात आणि खाली नाव लिहिलं म्हणजे अख्खी कविता टाकायची परवानगी मिळाली असं होत नाही. 'शुल्क भरा, संग्रहात कविता छापू, सन्मानपत्र देऊ' असे निरोपही येतील. पैसे देण्याआधी संपादक कोण, निवड कशी, प्रती किती, हे विचारा. निवडच नसेल तर तुम्ही फक्त छपाईचा खर्च देताय.

दोन-तीन महिन्यांनी प्रत्यक्ष भेटा. लोकलच्या पश्चिम आणि मध्य दोन्ही मार्गांना दादर सोयीचं. रविवार ठरवण्याआधी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघा, नाहीतर कल्याणकडची निम्मी मंडळी गळतील. शिवाजी पार्कचा कट्टा मोकळा आणि फुकट, पण क्रिकेटचा गोंगाट असतो, तेव्हा सकाळी लवकर जमा. जून ते सप्टेंबर छप्पर लागेलच. आठ जण, प्रत्येकी पाच मिनिटं वाचन, दोन मिनिटं बोलणं: तासाभरात होतं. वाचताना कागद सोबत ठेवा, आणि ज्या ओळीला ऐकणारा फोनमधून मान वर काढतो तिथे पेन्सिलने खूण करा. पुढची पोस्ट त्या ओळीपासून सुरू करा.