मद्यपान करून वाहन चालवल्याच्या आरोपात बचावाची तयारी कशी करावी

दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप आला की यंत्राने दाखवलेला आकडा म्हणजेच निकाल, असे समजून बरेच जण हातपाय गाळतात. वास्तविक तो आकडा हा एक पुरावा असतो, आणि तो कोणी, केव्हा व कोणत्या पद्धतीने मिळवला हे सर्वसाधारणपणे आरोप ठेवणाऱ्या पक्षालाच सिद्ध करावे लागते. म्हणून तयारीची सुरुवात वेळेपासून करावी.

घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी, आठवण ताजी असतानाच, पहिला व शेवटचा पेला किती वाजता घेतला, काय खाल्ले होते, गाडी कोठे व कधी अडवली, यंत्रात फुंकायला केव्हा सांगितले आणि रक्त केव्हा काढले, हे क्रमाने लिहून काढावे. हा कागद फक्त वकिलाच्या हाती द्यावा.

या मिनिटांना इतके महत्त्व का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. दारू पोटातून रक्तात उतरायला वेळ लागतो. शेवटच्या पेल्यानंतर साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत पातळी चढत राहू शकते आणि त्यानंतर ती हळूहळू उतरते. समजा, मर्यादा 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, जशी ती भारतात आहे. गाडी 9 वाजून 40 मिनिटांनी अडवली, नमुना 11 वाजता घेतला आणि अहवालात 34 आले. शेवटचा पेला साडेनऊला घेतला असेल, तर गाडी चालवताना पातळी मर्यादेखाली होती, असा युक्तिवाद उभा राहू शकतो. मात्र काही देशांच्या कायद्यांत चाचणीच्या वेळचा आकडाच वाहन चालवतानाचा मानला जातो. तेथे हा मुद्दा टिकत नाही, म्हणून कलमाची शब्दरचना वकिलासोबत आधी वाचावी.

श्वासचाचणीच्या यंत्रातून कागदी पट्टी निघाली असेल, तर तिची प्रत मागून घ्यावी आणि ती ओळीओळीने वाचावी. फुंकण्यापूर्वी यंत्राने शून्य दाखवले होते का, दोन वेळा फुंकले असल्यास दोन्ही आकडे जवळपास सारखे आहेत का आणि पट्टीवरची वेळ पोलिसांच्या नोंदीशी जुळते का, हे पाहावे. ढेकर, उलटी किंवा मद्यार्क असलेले माउथवॉश यांमुळे तोंडात राहिलेली दारू आकडा फुगवते. ती उडून जावी म्हणून चाचणीपूर्वी सुमारे 15 मिनिटे माणसावर लक्ष ठेवण्याची पद्धत आहे; ते ठेवले होते का, हा उलटतपासणीतला नेमका प्रश्न आहे. यंत्राची शेवटची अंशशोधन तपासणी (कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र अचूक आकडा दाखवते का याची पडताळणी) कधी झाली, तेही लेखी मागावे.

रक्ताच्या नमुन्यात त्वचा कशाने पुसली, नळीत सोडियम फ्लोराइडसारखे परिरक्षक (नमुना खराब होऊ न देणारे रसायन) होते का आणि सील लागल्यापासून प्रयोगशाळेत फुटेपर्यंत नळी कोणाकोणाच्या ताब्यात होती, याची नोंद तपासावी. रुग्णालयाने उपचारासाठी केलेली तपासणी पुष्कळदा रक्तद्रवावर, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवावर, होते, आणि त्यातला आकडा संपूर्ण रक्तापेक्षा जास्त येतो. हा फरक मर्यादेजवळच्या प्रकरणात निर्णायक ठरू शकतो.

आकड्याबाहेरही मुद्दे असतात. गाडी खरोखर कोण चालवत होते, ती सुरू होती की उभी होती, अडवण्याचे कायदेशीर कारण होते का, हे स्वतंत्रपणे पाहावे. जीव वाचवण्यासाठी गाडी चालवावी लागली, हा बचाव अपवादानेच मान्य होतो. मधुमेहामुळे यंत्र फसले, हा मुद्दा लोकांना फार आवडतो. पण फ्युएल सेलवर (मद्यार्काच्या रासायनिक क्रियेतून निघणारी वीज मोजणाऱ्या संवेदकावर) चालणारी यंत्रे मधुमेहात श्वासात येऊ शकणाऱ्या ॲसिटोनला जवळजवळ प्रतिसाद देत नाहीत, त्यामुळे यंत्राचा प्रकार कळल्याशिवाय त्यावर विसंबू नये. आणि चाचणीला नकार देणे हा बचाव नव्हे. अनेक ठिकाणी तो स्वतंत्र गुन्हा आहे.

इतके सारे तपासूनही नोंदी निर्दोष निघाल्या, तर खोटी कथा रचून साक्षीदार उभे करण्यापेक्षा गुन्हा कबूल करून शिक्षेबाबत म्हणणे मांडणे कधीही शहाणपणाचे. तेव्हा पूर्वीचा स्वच्छ परवाना, सुरू केलेला व्यसनमुक्ती उपचार आणि अपघात झाला नसल्याची नोंद, ही कागदपत्रे तारखेआधीच वकिलाकडे पोहोचलेली असावीत.